तंबोऱ्याला टेकलेलं कपाळ

४ जानेवारी १९५४, सोमवार

ही वही बाबांनी ग्वाल्हेरहून पाठवली. थंडीत मध्य भारतचं अख्खं सचिवालय इंदूरहून तिकडे हलतं, फायलींच्या पेट्यांबरोबर बाबाही हलतात. आत चिठ्ठी होती : "चि. शारदा, आपल्या घरात बी.ए. झालेलं माणूस तूच पहिली. रोज चार ओळी लिहीत जा. विचार नीट राहतात."

मी या वहीत नुसते विचार लिहिणार नाही, निरीक्षणं लिहिणार आहे. आजपासून मी गाणं शिकवणार आहे, पण चिंतामणबुवांसारखं नाही. दहा वर्षं मी बुवांकडे शिकले. बुवा गायचे, आम्ही मागून गायचो. जिला आलं तिला आलं, जिला नाही आलं तिला म्हणायचे, "हिला गळाच नाही, हिला शिवण शिकवा." किती मुली अशा शिवणाला गेल्या! कॉलेजच्या लायब्ररीत आवाजाच्या शास्त्रावर एक इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यातल्या आकृत्या मी उतरवून घेतल्या आहेत. फुप्फुसं, स्वरयंत्र, टाळूची पोकळी. गळा नसलेला माणूस जगात नाही. फक्त शिकवणाऱ्याने नीट पाहिलं पाहिजे.

पहिली विद्यार्थिनी मिळाली तीही सरदार घराण्यातली. छत्रीबागेकडचे दौलतराव, ज्यांचे पूर्वज होळकरांच्या घोडदळात होते, त्यांची मुलगी भानुमती. तिची आई स्वतः तांग्याने आमच्या रामबागेतल्या घरी आली. म्हणाली, "माघात देवासचे लोक पाहायला येतील. तोवर एक गाणं बसवून द्या, बाई. एकच. पण चांगलं."

ती गेल्यावर आई म्हणाली, "त्यांच्यात मुली गात नाहीत गं. काहीतरी असेल."

आईला सगळीकडे काहीतरी असेलच वाटतं. मला मात्र फार आनंद झाला. संस्थानं गेली, जहागिरी गेल्या, आणि सरदारांच्या घरात गाणं आलं!

६ जानेवारी, बुधवार

पहिला धडा झाला. घराच्या खालच्या निम्म्या भागात आता पिठाची चक्की आहे, वर हे लोक राहतात. जिन्याजवळ झोपाळ्यावर एक वयस्क बाई बसल्या होत्या. दौलतरावांच्या बहीण, सखुबाई. मी वाकून नमस्कार केला, "कशा आहात?" विचारलं. त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. सरदारी तोरा. घोडे गेले, तोरा राहिला.

भानुमती एकोणीस वर्षांची आहे. निरीक्षणं :

१. फार हळू बोलते. घरातलं वळण असावं.

२. मी बोलताना डोळ्यांची पापणीसुद्धा न हलवता माझ्या तोंडाकडे पाहते. इतकी एकाग्र मुलगी मी कॉलेजातही पाहिली नाही.

३. तंबोरा मांडीशी घेतला की कपाळ दांडीला टेकवते आणि डोळे मिटते. मी विचारलं, "हे कुणी शिकवलं?" ती लाजून हसली. केवढी भक्ती! शिकवून येत नाही असली गोष्ट.

चक्की खाली घरघरत होती तरी धडा छान झाला. आवाज बारीक आहे, पण खरा आहे.

९ जानेवारी, शनिवार

माझा मावसभाऊ अच्युतदादा कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला आहे. त्याच्याकडून ट्यूनिंग फोर्क मागून आणला. लोखंडी चिमट्यासारखा असतो, गुडघ्यावर आपटला की एकच शुद्ध स्वर देतो. देताना दादाने नाटक केलं. "ओ मास्तरीणबाई, ये सरकारी चीज है! हरवलीस तर माझी नोकरी जाईल, मग मला गाणं शिकव आणि देवळात बसव."

भानुमतीला सांगितलं की कंप म्हणजेच स्वर. फोर्क वाजवून तिच्या हातात दिला. तिने तो कानाशी धरला नाही. दांडी थेट कानामागच्या हाडाला लावली. मग दातांत धरली.

आणि रडायला लागली.

मी घाबरले. पण ती हसतही होती. "बाई, परत," म्हणाली. मी परत वाजवला. दहा वेळा तरी. नंतर विचारलं, "बाई, हा तुम्ही माझ्यासाठी आणलात?" मी म्हटलं, "तुझ्यासाठीच." तिने माझे पाय धरले.

शास्त्रानेही माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं. बुवांना सांगायला हवं. फोर्कचा स्वर तिच्या गळ्याला नेमका बसतो. तोच तिचा सा ठरवला.

१२ जानेवारी, मंगळवार

आज वीज नव्हती म्हणून चक्की बंद होती. मला वाटलं शांततेत चांगलं होईल. पण उलट झालं. दोनदा चुकीची ओळ गायली, एकदा मी थांब म्हटलं तरी थांबली नाही. शांततेने मन भरकटतं की काय? पुस्तकात याबद्दल काही नाही.

१४ जानेवारी, संक्रांत

भानुमतीने तिळगूळ दिला आणि म्हणाली, "तिळगूळ घ्या, मोठ्याने बोला." मी पोट धरून हसले. तीही हसली, पण जरा उशिरा. विनोदबुद्धी आहे पोरीला. झोपाळ्यावरच्या सखुबाईंना तिळगूळ द्यायला गेले तर त्यांनी तो घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि काहीच न बोलता पदराच्या गाठीत बांधला. गोडही नाही, कडूही नाही!

१७ जानेवारी, रविवार

चिंतामणबुवांना भेटायला गेले. श्वास, स्वरयंत्र, फोर्क, सगळं सांगितलं. ते सुपारी कातरत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "गळ्याचं बोललीस ते ठीक. कान कसे आहेत पोरीचे?"

"कान आपोआप तयार होतात, बुवा. शास्त्र म्हणतं—"

"शास्त्र म्हणू दे. गाणं शिकवायचं म्हणजे कान शिकवायचा. तुला मी डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवलं होतं, विसरलीस? तोंड बघून गाणारी पोरं पोपट होतात. बांध पट्टी."

जुन्या पद्धती. पण पट्टीचा उपयोग मला झाला होता हे खरं. एकदा करून पाहायला हरकत नाही.

२३ जानेवारी, शनिवार

भूपातलं पद पूर्ण बसलं. स्थायी, अंतरा, चार साध्या ताना. अठरा दिवसांत! बुवांकडे मला याला सहा महिने लागले होते. देवासचे लोक ७ फेब्रुवारीला येणार असं नक्की झालं. भानुमतीच्या आईने माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही. "बाई, तुम्ही आमची लाज राखलीत." एका गाण्यासाठी एवढं? पण मला बरं वाटलं. लाज राखणारी बी.ए.!

मी म्हटलं, "आता कानाकडे लक्ष देऊ." त्यांनी हात काढून घेतला. "कानाचं राहू द्या. गाणं आलं, पुष्कळ झालं."

२८ जानेवारी, गुरुवार

लिहायचं नव्हतं. तरी लिहिते. वही निरीक्षणाची आहे.

आज मी भानुमतीच्या डोळ्यांवर रुमाल बांधला. ती नको म्हणत होती, माझं मनगट धरत होती. मी म्हटलं, "हट्ट नको, मीसुद्धा असंच शिकले आहे." तंबोरा बाजूला ठेवला. मागे जाऊन बसले आणि सा लावला. म्हटलं, "गा."

ती गप्प.

चक्की बंद होती. मी पुन्हा गायले. रिषभ, गंधार. ती गप्प. मला राग आला. "भानुमती! तीन आठवड्यांची मेहनत आहे माझी. येतं ते तरी गा!" माझा आवाज खोलीभर घुमला. ती दोन्ही हात समोर धरून चाचपडत होती. मी मागे आहे हेही तिला कळत नव्हतं.

दार उघडून तिची आई धावत आली आणि रुमाल ओढून काढला. म्हणाली, "बाई, बहिरी तर ती आहेच. आता आंधळीही करता?"

मी खाली पडलेला रुमाल उचलला.

भानुमती माझ्या तोंडाकडे पाहत होती, नेहमीसारखी. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

मी मान हलवून नाही म्हटलं.

"मला वाटलं, तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं. म्हणून तुम्ही ते लोखंड आणलंत. माझ्यासाठी."

२९ जानेवारी, शुक्रवार

ही वही सुरुवातीपासून वाचली. सगळं लिहिलेलं आहे. तोंडाकडे पाहणं, दांडीला कपाळ, दातांत फोर्क, चक्की, तिळगूळ. माझ्याच अक्षरात, तारखेसकट. एकही निरीक्षण चुकलेलं नाही आणि एकाचाही अर्थ बरोबर नाही. तिच्या कपाळ टेकण्याला मी भक्ती म्हटलं.

चक्की चालू असताना आपण सगळेच ओरडून बोलतो. इतकंच होतं ते.

अच्युतदादाला नाव न घेता विचारलं. तो पहिल्यांदाच थट्टा न करता बोलला. बाहेरून कानात जाणारी वाट बंद झाली तरी आतला कान जिवंत असू शकतो. मग हाडातून ऐकू येतं. स्वतःचा आवाज तर चांगलाच येतो, म्हणून अशी माणसं हळू बोलतात.

गळा नसलेला माणूस जगात नाही, असं पहिल्याच पानावर लिहिलं आहे. खाली रेघही मारली आहे.

१ फेब्रुवारी, सोमवार

गेले. जायचं नाही असं ठरवलं होतं.

भानुमतीच्या आईने मला माजघरात बसवलं आणि सगळं सांगितलं. आवाज चढलेला नव्हता, डोळ्यांत पाणी नव्हतं. सखुबाईंनाही हेच झालं होतं. लग्नात बरं ऐकू येत होतं. पहिल्या बाळंतपणानंतर फार कमी झालं. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, मूल ठेवून घेतलं. तेव्हापासून, एकोणतीस वर्षं, त्या झोपाळ्यावर आहेत. भानुमतीला दोन वर्षांपूर्वी सुरू झालं. घराबाहेर कुणालाही माहीत नाही. आणि सखुबाईंच्या न बोलण्याला मी तोरा म्हटलं होतं.

"मग गाणं कशाला?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी अगदीच लहान आहे. "बाई, गाणाऱ्या पोरीला ऐकू येतं का, असं कोण विचारतं?"

म्हणजे माझं गाणं हा नुसता पडदा होता.

"हे फसवणं आहे," मी म्हटलं.

"आहे. तुम्ही शिकलेल्या. लग्न नाही झालं तर नोकरी कराल. हिने काय करायचं? दुसरा झोपाळा टांगायचा?"

आतल्या खोलीत गेले. भानुमती समोर बसली. मी नीट, तोंड दिसेल असं विचारलं, "तुला काय हवंय?"

तिने जिन्याकडे, झोपाळ्याच्या दिशेने पाहिलं. मग म्हणाली, "जायचंय मला, बाई. ह्या घरातून जायचंय. पण परत यायचं नाही."

मी सात तारखेला जायचं कबूल केलं. का केलं, ते लिहिता येत नाही.

७ फेब्रुवारी, रविवार

सगळं क्रमाने लिहिते, मध्ये अर्थ लावत नाही.

रविवार असूनही चक्की चालू होती. भानुमतीच्या आईने चक्कीवाल्याकडे स्वतःचे गहू दळायला टाकले होते, पाहुणे उठेपर्यंत दळत राहा म्हणून. देवासचे पाच जण होते. मुलगा शामराव, शेतकी खात्यात आहे, मान खाली घालून बसला. बोलत होत्या त्याच्या काकू, जनाबाई. चक्कीमुळे त्या मोठ्याने बोलत होत्या. भानुमतीला खिडकीसमोर, उजेडात, काकूंच्या तोंडासमोर बसवलं होतं. नाव, शिक्षण, स्वयंपाक, सगळी उत्तरं तिने बरोबर दिली.

गाण्याची वेळ आली. मी तंबोरा तिच्याकडे दिला.

"अगंबाई!" जनाबाई म्हणाल्या. "तंबोरा कशाला? मुजऱ्याला बसल्यासारखं दिसतं ते. घरगुती काय ते म्हणू दे. ठेवा तो तिकडे."

दौलतरावांनी निमूट उचलला आणि कोपऱ्यात नेऊन ठेवला.

भानुमतीच्या चेहऱ्यावरचं रक्त गेलेलं मला दिसलं. तिच्या आईचंही. मग भानुमतीने सगळ्यांदेखत माझ्या पिशवीत हात घातला, फोर्क काढला, गुडघ्यावर आपटला, कानामागे लावला. डोळे मिटले. सा लावला. आणि अख्खं पद गायलं. एक स्वर हलला नाही. अंतऱ्याला शामरावांनी पहिल्यांदा मान वर केली.

"ते कानाला काय लावलं?" जनाबाईंनी विचारलं.

"शास्त्रीय पद्धत आहे," भानुमतीची आई लगेच म्हणाली. "बाई बी.ए. आहेत ना."

"असं होय!" सगळ्यांनी कौतुकाने माझ्याकडे पाहिलं. एवढा अपमान मला कधी वाटला नव्हता.

लाडू फिरले. हसणं सुरू झालं. दौलतराव मुहूर्ताचं काढायला लागले. आणि चक्की थांबली. गहू संपले होते.

एकदम इतकी शांतता झाली की जनाबाईंनी आवाज खाली आणला. लाडू घ्यायला बाजूला वळून म्हणाल्या, "पोरी, ही भरतकामाची चोळी तूच केलीस का?"

भानुमती समोर पाहत होती. प्रसन्न चेहऱ्याने.

"पोरी?"

जनाबाई सावकाश माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही रोज येता. मुलीत काही खोट तर नाही?"

तिची आई माझ्याकडे पाहत होती. भानुमती माझ्या ओठांकडे पाहत होती. मी काय म्हणते ते सगळ्यांआधी तिला कळणार होतं. "नाही" म्हणायला किती वेळ लागतो? मला तो शब्द तोंडात आलेला जाणवला. मग तिचं "परत यायचं नाही" आठवलं.

मी म्हटलं, "खोट नाही. पण तिला काही विचारायचं तर समोर बसून विचारा. तोंड दिसू द्या."

कपबशी ठेवल्याचा आवाज झाला. जनाबाई उठल्या, तिच्यासमोर जाऊन बसल्या.

"तुला ऐकू येत नाही?"

"कमी येतं," भानुमती म्हणाली.

"मग गायलीस कशी?"

तिने फोर्क पुढे केला. "ह्यातून. हाडातून." आणि आपण होऊन म्हणाली, "आत्यासाहेबांचंही असंच आहे. मूल झालं की वाढतं, असं म्हणतात."

तिच्या आईने तोंडात पदर कोंबला.

पाहुणे गेल्यावर त्या मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. एवढंच म्हणाल्या, "बाई, यापुढे येऊ नका." भानुमतीने माझ्याकडे पाठ फिरवली होती. तिला हाक मारून उपयोग नव्हता.

१२ फेब्रुवारी, शुक्रवार

देवासहून निरोप आला म्हणे, पत्रिका जमत नाही. पत्रिका तर दिवाळीलाच जमली होती.

रामबागेत सगळ्यांना कळलं आहे. आई म्हणाली, "तुला खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. पण गप्प बसायला काय झालं होतं?" बाबांना लिहायला बसले, चार ओळीसुद्धा झाल्या नाहीत.

अच्युतदादा फोर्क मागतोय. तो भानुमतीच्या हातातच राहिला. मी जाऊन मागू शकत नाही. दादाला म्हटलं, हरवला समज. तो आपल्या इंदुरी थाटात म्हणाला, "वाह भिया! उद्यापासून देवळात बसतो."

मी खरं बोलले असं मला वाटतं. पण ते खरं तिचं होतं. ते उघडायचा हक्क मला कुणी दिला होता? मी "विचारा" म्हटलं आणि उत्तर तिला द्यावं लागलं.

२१ फेब्रुवारी, रविवार

दुपारी दारात तांगा थांबला. भानुमती उतरली. तिच्यामागे, तिचा हात धरून, सखुबाई. एकोणतीस वर्षांत त्या घराबाहेर किती वेळा पडल्या असतील कोण जाणे. तांगेवाल्याने तंबोरा उतरवून दिला.

मी भानुमतीसमोर जाऊन उभी राहिले. तीच बोलली. "मी तुमच्यावर रागावले आहे, बाई. अजून आहे."

"हो," मी म्हटलं.

"आईसाहेबांना ठाऊक नाही आम्ही आलो ते. वडिलांना ठाऊक आहे. त्यांनीच तांगा बोलावला." तिने पदरातून फोर्क काढून माझ्या हातात दिला. "आत्यासाहेबांना हा दोनदा लावला. त्या मला हाकलतात. त्यांना वाटतं मी चेष्टा करते. तुम्ही लावा. तुम्ही बी.ए. आहात, तुमचं ऐकतील."

सखुबाई पाटावर बसल्या. भिंतीकडे तोंड. मी फोर्क बाजूला ठेवला. तंबोरा त्यांच्या पुढ्यात उभा केला, पण तारांना हात लावला नाही. आधी समोर बसले, त्यांचे डोळे माझ्याकडे वळेपर्यंत थांबले, मग नमस्कार केला. त्यांनी पाहिलं. या वेळी त्यांनी मान हलवली.

भानुमतीने स्वतःचं कपाळ दांडीला टेकवून दाखवलं. सखुबाईंनी नाही नाही म्हणून हात केला. मग पदर सावरून, अवघडून, पुढे वाकल्या आणि कपाळ टेकवलं.

मी चारी तारा एकेक करून छेडल्या.

त्या दचकून मागे झाल्या. दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, कोण आलं ते पाहत होत्या. चेहरा भीतीने पांढरा झाला होता. मी हात काढून घेतला. मला वाटलं, पुन्हा काहीतरी चुकीचं केलं.

सखुबाईंनी तंबोऱ्याकडे पाहिलं, तारांवरून बोट न लावता हात फिरवला, आणि दोन्ही हातांनी दांडी धरून कपाळ पुन्हा टेकवलं.

त्यांचा आवाज मी आज पहिल्यांदा ऐकला. भानुमतीसारखाच आहे, अगदी हळू.

"का थांबलीस?" त्या म्हणाल्या.